वसुबारसेच्या सांजची धार

सारजाला वॉशिंग मशीन पाहिजे होतं. आता त्यात तिचं काही वाईट होतं असं म्हणायला आपली तर जीभ धजत नाही. गोठ्यात राबणाऱ्यांची धुणी ज्याने धुतलीत त्यालाच ते कळायचं. तिच्या नवऱ्याच्या, जोतीरामच्या पँटी शेणाने अशा कडक व्हायच्या की भिंतीला टेकवल्या तर उभ्या राहाव्यात. त्यात छकुलीचा शाळेचा पांढरा शर्ट, म्हाताऱ्या सासूची गोधडी, आणि थोरला ऋतिक पुण्याच्या कंपनीतून महिन्याने घरी आला की त्याचं बोचकं. एवढं सगळं डोक्यावर घेऊन कॅनॉलला जायचं, पायरीवर वाकायचं, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून "चल बाबा" म्हणायचं. सोड्याने बोटांना भेगा पडलेल्या. त्या भेगांत पेंडीतलं मीठ गेलं की सारजा गोठ्यात एकटीच शिव्या घालायची. गायींना वाटायचं, आपल्यालाच बोलतेय.

निमगाव केतकीच्या रस्त्याला, त्यांच्या वस्तीच्या तोंडाशीच एका खाजगी डेअरीचं दूधकेंद्र होतं. दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली, आणि एके सकाळी केंद्राच्या पत्र्यावर हा एवढा मोठा बोर्ड लागला. केंद्रावरचा पोरगेला माणूस ज्ञानेश येणाऱ्या-जाणाऱ्याला तो वाचून दाखवत होता.

"पाच गायींच्या आतला गोठा पायजे, वैनी. आजपासनं धा दिवस, वसुबारसेच्या सांजपतोर. गायीमागं ज्येचं दूध जास्ती, त्येला फुल ॲटोमॅटिक मशीन. धनत्रयोदशीला घरपोच!"

"आन दुसऱ्या नंबरला?" सारजाने विचारलं.

"भिंतीवरलं घड्याळ."

"घड्याळ काय चाटायचंय?" असं म्हणून सारजा कॅन घेऊन निघाली खरी, पण बोर्डावरचं ते पांढरंफेक यंत्र, त्याचं गोल काचेचं तोंड, घरापर्यंत तिच्याबरोबर आलं. संध्याकाळी तिने पेंडीचं माप वाढवलं.

त्यांच्या तीन गायी. बांधाला बांध लागून असलेल्या साखरबाईच्याही तीनच. पहिल्या चार दिवसांतच वस्तीला कळून चुकलं, की शर्यत या दोघींतच आहे. सकाळी एक पुढे, सांजेला दुसरी. दोघी केंद्रावर भेटल्या की गोड बोलायच्या आणि एकमेकींच्या कॅनकडे तिरप्या डोळ्यांनी बघायच्या.

सारजा पहाटे चारला उठायला लागली. शेण ओढायचं, गायींच्या कासा कोमट पाण्याने धुवायच्या, धारा काढायच्या, मग मका तोडायला रानात. डोक्यावरचा भारा असा की मान खांद्यात शिरायची. दुपारी कुट्टी, परत धारा, परत शेण. पाठीचा कणा रात्री अंथरुणालाही टेकवेना. आणि जोतीराम? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्याने न्हाणीच्या शेजारी विटा लावून मशीनसाठी कट्टा बांधला, वायरमन आणून प्लगही बसवून घेतला. छकुली शाळेत सांगून आली, की आमच्याकडे मशीन आलंय. आलंय, म्हणे!

तीन गायींत हरणी ताजी व्यायलेली. काळी-पांढरी, उंच हाडाची, दूध देण्यात उजवी. तिला झाला होता गोऱ्हा. संकरित गायीचा गोऱ्हा म्हणजे वस्तीवर कुणाच्याच कामाचा नाही. ना त्याला वशिंड, ना तो औताला. बाकीच्यांचे गोऱ्हे आठ-पंधरा दिवसांत टेंपोत चढायचे. कुठे जातात ते कुणी विचारत नसे, आणि टेंपोवालाही सांगत नसे. हरणीचा मात्र राहिला होता, कारण सासूने, धोंडाबाईने, त्याच्या दाव्यावर हात ठेवला होता.

राहिला म्हणजे नुसता राहिला. चीक पाजून झाल्यावर सारजाने त्याला गोठ्याच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या आडोशाला बांधलं. आईने त्याला धड चाटलंही नव्हतं. आधी बाटलीने का होईना, त्याला हरणीचं दूध मिळायचं. बोर्ड लागला त्या दिवसापासून ते बंद झालं. त्याऐवजी दूधपावडर पाण्यात कालवून बाटली. पाचव्या दिवशी पावडर संपत आली तशी सारजाने पाणी वाढवलं.

सहाव्या दिवशी धोंडाबाई आडोशाकडून आली. म्हातारी सत्तरीची, पण चाल अजून मेंढरांमागं फिरलेल्या बाईची, लांब लांब टांगांची.

"सारजा, गोऱ्हा पातळ हागतुया."

"पावडर मानवंना त्येला, आत्याबाई. डाक्टरला फोन केलाय म्या."

"पावडर कशी मानवंल? त्येला आय हाय की."

एवढंच बोलली आणि गेली. सारजाला ते शब्द दिवसभर कुसळागत टोचत राहिले. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. चार दिवसांनी काय मरतंय का? त्या सांजेला तिने बाटलीत जरा जास्त पावडर टाकली; पण दूध नाही टाकलं.

खरी अडचण पुढेच होती, आणि ती सारजाला बोर्ड वाचल्या दिवसापासून ठाऊक होती. या घराचा एक नेम होता. वसुबारसेच्या सांजेला, जिच्या पायाशी लहान वासरू असेल त्या गायीचं दूध विकायचं नाही. वासरू पिईल तेवढं पिईल. उरलं ते कुणाच्या तरी लेकराला द्यायचं. घरात एक थेंब घ्यायचा नाही. ऋतिक लहान होता तेव्हापासूनचा हा नेम, एकदाही मोडला नव्हता. आणि डेअरीने शर्यत संपवायला नेमकी तीच सांज धरलेली.

वसुबारसेच्या सकाळचं माप झालं. सारजा साखरबाईच्या चार लिटर पुढे. ज्ञानेश म्हणाला, "वैनी, आता सांजचं तेवढं रोजच्यावानी घाला, मशीन तुमचंच."

जोतीरामने घरी येऊन आईपुढे विषय काढला. म्हातारी ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"आये, औंदाच्या सालापुरतं हरणीचं दूध घालू दे. पुढल्या साली दोन येळचं सोडू की."

"मला काय इचारतूस? धार काढनारी ती हाय."

"न्हाय, पन तू रुसशील."

"म्या न्हाय रुसत. माझं वय हाय का रुसायचं?" धोंडाबाईने शेंग मोडली. "तिच्या हाताला भेगा हायत्या, त्या मला बी दिसत्यात."

शिवी दिली असती तर सारजाला बरं वाटलं असतं. म्हातारी हे असं बोलली, आणि आत चुलीपुढे बसलेली सारजा लाकडं उगाच मागेपुढे करत राहिली. शेवटी तिने मनाशी एक तोडगा काढला. आधी पूजा, मग गोऱ्ह्याला दोन घोट पिऊ द्यायचे, देवाला दिसण्यापुरते, आणि मग धार काढून कॅन भरायची. माणूस देवाशीही घासाघीस करतो, आणि वर म्हणतो की देवाने मान्य केली.

दिवस कलला तशा वस्तीवरच्या बाया ताटं घेऊन सारजाच्या अंगणात यायला लागल्या. एक, दोन, चार, सात. हळदीकुंकू, फुलं, बाजरीची भाकरी, गवारीची भाजी. सारजाला नवलच वाटलं.

"आज समद्या हिकडं कशा?"

"मग कुठं जायचं?" साखरबाईच म्हणाली. ठेवणीतलं हिरवं पातळ नेसून आली होती. "गाय-वासराची पूजा हाय. गायी घरोघर हायत्या. वासरू कुठं हाय? कालवडी हायत्या त्या समद्या थोराड. माझा गोऱ्हा दसऱ्यालाच टेंपोत घातला. वस्तीवर तुझ्याकडंच जोडी हाय."

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. कुणी हसलं नाही. साठ-सत्तर गायींची वस्ती, आणि ओवाळायला एक जोडी.

जोतीरामने हरणीला अंगणात आणून बांधलं. छकुलीने मागच्या आडोशातून गोऱ्हा सोडून आणला. उजेडात आला तेव्हा सारजालाच तो नीट दिसला. बरगड्या मोजून घ्याव्यात, शेपटी हगवणीने चिकटलेली, डोळ्यांच्या कडांना माशा. छकुलीने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं होतं, ते त्या तोंडावर आणखीच वाईट दिसत होतं. एका बाईने पदर नाकाला लावला, आणि सारजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

गोऱ्हा आईकडे गेला. म्हणजे, कुणीतरी मोठं जनावर आहे म्हणून गेला. हरणीने त्याला हुंगलं, फुस्सकन नाकातून वारा सोडला आणि मान फिरवली. तो कासेकडे गेला तशी तिने लाथ झाडली. गोऱ्हा फरशीवर पुढच्या गुडघ्यांवर पडला.

"आगं बया!" एक बाई म्हणाली. "वळकीना की त्येला."

"कशी वळकंल?" दुसरी हळूच म्हणाली. ती हळूच म्हणाली, पण अंगणात तेव्हा कुणाची बांगडीही वाजत नव्हती.

सारजाला वाटलं, भुईने पोटात घ्यावं. पंधरा-वीस दिवसांची आई आणि लेक, आणि दोघं एकमेकांना परकी. हे कुणी केलं, ते विचारायची गरज नव्हती. ज्याने केलं ते माणूस ताट धरून उभंच होतं.

धोंडाबाई ओट्यावरून उठली. तिने लुगड्याचा ओचा खोचला आणि सरळ हरणीच्या कासेशी जाऊन बसली. एक सड पिळून तिने ओंजळभर दूध घेतलं आणि ते गोऱ्ह्याच्या पाठीवर ओतलं. दुसरी ओंजळ शेपटीच्या बुडाशी. तिसरी मानेवर. वरून चिमूटभर मीठ.

"म्हातारे, दूध सांडतीस!" जोतीरामच्या तोंडून निघून गेलंच.

"गप उभा ऱ्हा." ती मागे न बघता म्हणाली. "मेंढी कोकराला घेत नसली की काय करायचं, इसरलास व्हय? लई दिस रानात न्हाय राह्यलास तू."

तिने ओल्या फडक्याने गोऱ्ह्याची शेपटी पुसली, त्याला उलटा वळवला आणि त्याचं बूड हरणीच्या तोंडाशी नेलं. हरणीने मान मागे घेतली. म्हातारीने तो तसाच धरून ठेवला, तोंडाने "हो, हो, हो" करत, मेंढरांना करतात तसं. हरणीने परत हुंगलं. तिच्या स्वतःच्या दुधाचा वास होता तो. जीभ बाहेर आली, एकदा लागली. मिठाची चव लागली असेल. परत लागली. आणि मग हरणी चाटायलाच लागली, पाठ, मान, कान, खरबरीत जिभेने असं चाटायला लागली की गोऱ्हा हेलकावे खाऊ लागला. तिच्या घशातून एक बारीक हुंकार यायला लागला. असा आवाज तिने या गोठ्यात कधी काढला नव्हता.

गोऱ्हा लटपटत कासेखाली शिरला. या खेपेला लाथ बसली नाही. त्याने धडक मारली, सड तोंडात घेतला, आणि पान्हा असा सुटला की उरलेल्या तिन्ही सडांतून दूध आपोआप फरशीवर ठिबकायला लागलं. गोऱ्ह्याच्या तोंडाला फेस आला, शेपटी थरथर हलायला लागली.

बाया रडत होत्या का हसत होत्या, सांगता यायचं नाही. साखरबाई डोळे पुसत होती हे नक्की. सारजाने ताट ओट्यावर ठेवलं आणि खाली बसून हरणीच्या पुढच्या खुरांवर डोकं टेकवलं. ओवाळायचं तिला सुचलंच नाही. ते नंतर धोंडाबाईनेच उरकलं.

गोऱ्ह्याचं पोट टम्म झालं, त्याने सड सोडला. पूजा झाली, बाया पांगल्या. सारजाने बाकीच्या दोन गायींच्या धारा काढल्या आणि शेवटी हरणीच्या कासेत उरलेलंही काढलं, नाहीतर कास सुजली असती. सहा लिटर निघालं. ती कॅन तिने वेगळी ठेवली.

जोतीरामने कॅनमध्ये डोकावून बघितलं. मनात आकडे जुळवले आणि त्याचं तोंड उजळलं.

"सारजे, आगं गोऱ्हा प्याला की पोटभर! नेम झाला. आता उरलंय त्येवढं घाल डेअरीला. तरी बी साखरबाईच्या दोन लिटर म्होरं ऱ्हातीस तू."

सारजाने कॅनकडे बघितलं. दोन लिटर पुढे. कट्टा बांधलेला, प्लग बसवलेला. छकुली दारात उभी राहून आईच्या तोंडाकडे बघत होती.

"अवो," सारजा म्हणाली, "ऋतिक किती दिसांचा हुता, आपुन मेंढरं घिऊन फिरायचो, कऱ्हाटीच्या माळावर उतरलो तवा?"

जोतीरामने कॅनवरचा हात काढला.

"महिन्याचा नव्हता. मला ताप आलेला, छातीला दूध न्हाय. मेंढीचं दूध त्येच्या पोटात ठरंना. आत्याबाई माळाखालच्या वाडीतल्या एका बाईच्या दारात गेल्या. नाव बी ठावं न्हाय आपल्याला तिचं. एकच गाय तिच्या दारात, आन तिचं बी वासरू एवढंसंच. तिनं त्येला वडून खुट्याला बांधलं आन आधी आपल्या लेकराला वाटी भरून दिली. दोन महिने देत हुती. वासराला मागनं जे ऱ्हायलं ते." सारजाने पदराने नाक पुसलं. "तिनं आपल्याला उरलेलं न्हाय दिलं वो. आधी दिलं. माझा बावीस वर्साचा घोडा त्या वासराच्या तोंडचं पिऊन उभा ऱ्हायलाय. आन म्या काय केलं? हितं माझ्या दारातल्या वासराला पानी पाजलं म्या, पानी!"

जोतीरामने खाली बघितलं. मग कॅनचं झाकण लावून तिच्या हातात दिलं.

"जा. अंधार पडायच्या आत ये," तो म्हणाला.

कॅनॉलच्या पलीकडे ऊसतोड्यांच्या दहा-बारा कोप्या, पाचटाच्या झोपड्या, आदल्याच आठवड्यात उभ्या राहिल्या होत्या. तिकडे जायला केंद्रावरूनच वाट. बाकीच्या दोन गायींचं दूध सारजाने तिथे घातलं. ज्ञानेशने माप लिहिलं आणि तिच्या दुसऱ्या कॅनकडे हात केला.

"वैनी, ती आना की हिकडं. ती ऱ्हायली."

"ती न्हाय घालायची."

"आवं, मशीन जाईल हातचं!"

"जाऊ दे."

हे म्हणणं सोपं नव्हतं, खोटं कशाला बोला. दहा दिवसांची पहाट, मानेवरचे भारे, सगळं आठवलं. पण पाय थांबले नाहीत. कोप्यांपाशी एक बाळंतीण चुलीपुढे बसली होती, मांडीवर पोर, शेजारी आणखी दोन. सारजाने सगळ्या कोप्यांची भांडी मागवली आणि जिथे जिथे लेकरू होतं तिथे ओतत गेली.

बाळंतिणीने विचारलं, "किती द्यायचे, मावशी?"

"काई न्हाय. वसुबारस हाय." आणि मग तिला राहवेना म्हणून तिने त्या पोराच्या टाळूवर हात ठेवला. ऊन ऊन टाळू, आत धकधक लागणारी. रिकामी कॅन हलवत घरी येताना सारजाला उगाच हलकं वाटत होतं, आणि डोळे वाहत होते ते वाहू दिले.

धनत्रयोदशीला पहाटे सारजा धारेला बसली. दोन गायी झाल्या, हरणीच्या कासेला हात घातला, तर थेंब नाही! सड ओढून बघितले, कोमट पाणी मारलं, पेंड पुढे टाकली. हरणी पेंडीला तोंड लावीना. मागच्या आडोशाकडे मान वळवून हंबरत होती, आणि तिकडून गोऱ्हा बारक्या गळ्याने ओ देत होता.

"पान्हा चोरला हिनं," जोतीराम कपाळाला हात लावून म्हणाला. "म्हातारीनं बरी वळख करून दिली! आता ह्ये रोजचंच की गं. वासरू सोडल्याबिगर ही धार द्यायची न्हाय. दिसाचं चार लिटर गेलं म्हन."

"गेलं," सारजा म्हणाली.

तेवढ्यात रस्त्याने डेअरीचा टेंपो गेला. मागे मोठं खोकं दोरखंडाने आवळलेलं, केबिनमध्ये साखरबाईचा नवरा आणि साखरबाई. साखरबाईने जरा लाजतच हात केला. सारजानेही केला. कट्टा मोकळा होता आणि न्हाणीत धुण्याचा ढीग होता. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते जरा वेळच टिकलं, कारण हरणीने परत हंबरडा फोडला.

सारजा उठली आणि मागे जाऊन गोऱ्ह्याचं दावं सोडलं. तो तिच्या हातातून असा सुटला की तिलाच चार पावलं ओढत आणलं. येताच कासेला धडकला. हरणीने डोळे अर्धे मिटले आणि त्याच्या पाठीवरून जीभ फिरवायला लागली.

केंद्रावर ज्ञानेशने भोंगा वाजवला. दुधाची गाडी निघायची वेळ झाली होती.

"ये सारजे, वड त्येला आता. किती येळ बसायचं आसं?" जोतीराम म्हणाला.

"त्येचं होस्तवर."

तिने रिकामी बादली मांडीशी घेतली आणि उकिडवी बसली. जोतीराम थोडा वेळ येरझारा घालत राहिला, पुटपुटला, मग तोही तिच्या शेजारी टेकला. गोऱ्हा पीत होता, आणि ती दोघं आपली पाळी यायची वाट बघत होती.